कोटाची डावी बाही

हे मी लिहिणारच नव्हतो. टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं. दुसऱ्याच्या घरातलं दुखणं चव्हाट्यावर मांडणारे आपण कोण? शेवटी दादालाच वाचून दाखवलं. तो म्हणाला, "लिही. पण मला देव करू नकोस." म्हणून लिहितोय. लिहायला कोणी शिकवलेलं नाही, चहाच्या सुट्टीत अंगठ्याने जमेल तसं टाइप करतोय.

त्या दिवशी दादाच्या हातात रेशमी फितीचं रीळ होतं आणि तो ते खाली ठेवतच नव्हता. बदामी फीत, तिच्यावर सोनेरी अक्षरांत पुन्हा पुन्हा तेच छापलेलं… दोन नावं आणि लग्नाची तारीख. त्यातलं एक नाव त्याच्या सख्ख्या बहिणीचं होतं!

आमचं काम आधी सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. लांब आपल्या देशात बसलेली माणसं इथल्या, म्हणजे परदेशातल्या, दुकानांतून ऑनलाइन खरेदी करतात. प्रत्येक दुकानाने आपापलं पार्सल देशाबाहेर पाठवलं तर वस्तूपेक्षा भाडंच डोईजड. म्हणून ती माणसं सगळं आमच्या गोदामाच्या पत्त्यावर मागवतात. इथे रॅकवर प्रत्येक गिऱ्हाइकाचा एक खण. वस्तू येतील तशा त्यात साठत जातात. सगळ्या आल्या, की दुकानांची खोकी आणि थर्माकोल काढून फेकायचा, सगळं दाबूनदुबून एका खोक्यात बसवायचं, आणि ते एकच खोकं विमानाने रवाना. आलेला माल मी उघडतो, तपासतो, फोटो काढून गिऱ्हाइकाच्या खात्यावर टाकतो. बांधायचं काम दादाचं. तो सगळ्यांचाच दादा आहे, वयाने आणि स्वभावानेही. मला तो 'टायपिस्ट' म्हणतो.

तर तो खण बरेच दिवस भरत होता. पांढरे बूट आले, मोत्यांची पर्स आली, मग ही फीत. खणावर नुसता नंबर असतो, नावाची चिठ्ठी शेवटी बांधताना निघते. दादा टेप मागायला माझ्या टेबलाशी आला आणि त्याची नजर फितीवर गेली.

"कोणाचा खण आहे हा?"

मी कॉम्प्युटरवर नंबर टाकला. नाव बहिणीचं. पत्ता… दादाच्याच तिकडच्या घराचा.

"अरे, तुझ्या बहिणीचं लग्न! आणि आम्हाला पत्ता नाही? पेढे कुठायत?"

"मलाच आत्ता कळतंय," दादा म्हणाला. आणि हसला. तसलं हसू देवाने वैऱ्याच्या ओठांवरही ठेवू नये!

त्याचे वडील गेले तेव्हा दादा कॉलेजात होता. कॉलेज सोडलं, इकडे आला, आणि इथल्याच खोक्यांवर बहिणीचं शिक्षण झालं, धाकट्या भावाचं झालं, आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. बहीण म्हणजे त्याची ठकी. तिच्या लग्नात काय काय करायचं, हे तो टेप ओढता ओढता मला इतक्यांदा सांगायचा की मला पाठ झालं होतं. मागे तिला एक स्थळ आलं होतं. मुलाकडच्यांनी व्हिडिओ कॉलवर विचारलं, आपण परदेशात काय करता? दादा सरळ म्हणाला, खोकी बांधतो. स्थळ मोडलं. आई रागावली नाही, फक्त म्हणाली, "ऑफिसात आहे म्हणायला तुझं काय जात होतं रे?" त्यानंतर घरचे फोन कमी कमी होत गेले…

आणि आता हे! घरचा मोठा मुलगा ज्या शहरात राहतो, त्याच शहरात त्यांनी परक्या गोदामाचा पत्ता घेतला होता. का? त्याला कळू नये म्हणून! दुसरं कारणच काय? आमचं गोदाम वेगवेगळ्या नावांच्या वेबसाइटींचं काम करतं, हे बाहेर कोणाला माहीत नसतं. लपवायला म्हणून ज्या दारात गेले, त्याच दाराच्या आत तो उभा होता.

"फोन लाव ना दादा. विचार सरळ."

"काय विचारू? मला का नाही बोलावलं? बोलावणं मागून घ्यायचं असतं का रे, टायपिस्ट?"

मग तो टेप घेऊन गेला. दिवसभर काम केलं, कोणाशी वाकडं बोलला नाही. पण आतून तो माणूस विस्कटून गेला होता. त्याने मला नंतर सांगितलं, की त्या दिवशी प्रत्येक खोकं बांधताना त्याला एकच वाटत होतं… आईला एकदाही माझी आठवण झाली नसेल का? आणि ठकीला? तिला हे कसं सोसलं? जिच्यासाठी आयुष्य वाहिलं, तिच्या आनंदात आपण अडचण झालो!

चार दिवसांनी त्याच खणात कोट आला.

पुरुषाचा कोट, राखाडी निळा, मापं कळवून शिवून घेतलेला. मी नेमाप्रमाणे टेबलावर पसरला, दोन्ही बाह्या मोजल्या. डावी बाही उजवीपेक्षा चांगली दोन बोटं आखूड. शिंप्याने घोळ घातला, दुसरं काय! फोटो काढला, खाली लिहिलं, 'डावी बाही आखूड, माल सदोष', आणि खात्यावर टाकून दिलं. संध्याकाळच्या आत उत्तर. 'कोट पाठवू नये, नष्ट करावा. वजन वाचेल. बाकी सगळं एकत्र करून लगेच पाठवा.'

नष्ट करायचा म्हणजे ब्लेडने फाडायचा. नुसता टाकला तर कामगार घरी नेतील अशी मालकांना भीती. फाडणं हेही बांधणाऱ्याचंच काम. मी कोटावर लाल चिकटपट्टी लावली आणि खणातल्या मालाबरोबर दादाच्या टेबलावर नेऊन टाकला.

"तुझ्या घरचाच माल आहे. सगळं बांधायचंय, हा तेवढा फाडायचा. बाही आखूड आलीय. नवरदेवाचा असेल."

दादाने कोट उचलला. बाह्या एकमेकींना लावून बघितल्या. मग नुसताच उभा राहिला. मी म्हटलं, काय झालं?

"ही चूक नाहीये रे…" तो म्हणाला. "हे माझं माप आहे."

आणि त्याने हात पुढे केले. इतकी वर्षं एका टेबलावर जेवतोय आम्ही! तो कायम बाह्या कोपरापर्यंत दुमडून असायचा, माझ्या कधी लक्षातच आलं नाही. त्याचा डावा हात आखूड आहे. ठकी लहानपणी सायकल शिकत होती, उतारावर ब्रेक लागेना, हा आडवा गेला. हाड मोडलं, ते वेडंवाकडं जुळलं, आणि हाताची वाढ तिथेच खुंटली. सुई धरता यायला लागली तेव्हापासून त्याच्या प्रत्येक शर्टाची डावी बाही ठकी दुमडून शिवायची. इकडे यायला निघाला त्या शर्टाचीसुद्धा. तिच्याशिवाय हे माप जगात कोणाला माहीत असणार?

"घाल," मी म्हटलं. "घाल ना, बघू तरी!"

त्याने एप्रन सोडला, कोट चढवला. बाही बरोबर मनगटावर येऊन थांबली. काय दिसत होता म्हणून सांगू! मी म्हटलं, "अरे, मालक वाटतोयस!" आणि पटकन फोटो काढला. क्षणभर त्याचा चेहरा उजळला…

तेवढ्यात सुपरवायझर आला. आम्ही त्याला 'घड्याळ' म्हणतो, कारण माणसाच्या तोंडाकडे तो कधी बघतच नाही.

"काय, वरात निघाली का? फाडायचा माल आहे ना तो? उरका."

मी म्हटलं, साहेब, ऐका तरी. दादानेच मला हाताने थांबवलं.

"खातं तिच्या नावावर आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "शिवायला तिनेच सांगितला. फाडायलाही तिनेच सांगितलं. वजन वाचतं ना…"

त्याने कोट काढला, टेबलावर सरळ पसरला, आणि स्वतःच्या हाताने ब्लेड फिरवलं. आधी डाव्या बाहीवर. मला बघवलं नाही. मग त्याच हातांनी त्याने बुटांत कागद भरला, पर्स गुंडाळली, फितीचं रीळ मधोमध ठेवलं, आणि असं खोकं बांधलं की हलवलं तर आत हूं नाही की चूं नाही.

फाडलेल्या मालाचा फोटो गिऱ्हाइकाला पाठवावा लागतो. मी फाडलेल्याचा पाठवलाच नाही. अंगात घातलेला पाठवला! विचारबिचार करून नाही, संतापून. म्हटलं, बघू दे एकदा काय फाडायला लावलंत ते.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये दादाचा फोन वाजला. त्याच्या फोनचा कानाशी आवाज येत नाही, स्पीकर लावूनच बोलावं लागतं. मी उठायला लागलो तर त्याने माझं मनगट धरलं.

पलीकडून आधी नुसतं रडणं. मग…

"दादा… बसला का रे नीट?"

दादाने डोळे मिटले. "बसला. अगदी बसला, ठके."

"मी नाही रे सांगितलं फाडायला! खातं माझं असलं तरी सगळं धाकटाच बघतो. बाही आखूड म्हणून कळवलं तिकडून, तेव्हाच त्याला समजलं कोणाचा कोट ते. तू तिथे काम करतोस हेसुद्धा मला काल खातं उघडलं तेव्हा फोटो बघून कळलं! आई आणि धाकटा मला म्हणाले होते, दादाला विचारलं, रजा नाही म्हणाला, उरकून घ्या म्हणाला. मला खूप राग आला तुझा. तरी कोट शिवायला टाकला. वाटलं, शेवटच्या दिवशी तरी येशील, मग मीच तुझ्या अंगात घालीन…"

"मला कोणी विचारलं नव्हतं गं."

"फाडला नाहीस ना? फोटोत तर अंगातच आहे. सांग ना!"

दादाने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

"वेडी का तू? जपून ठेवलाय," तो म्हणाला.

"मग तो घालून ये! मला काही माहीत नाही, तू ये! सासरच्या लोकांना यांनी सांगितलंय, आम्ही दोनच भावंडं. मला कळलं तेव्हा मी गप्प बसले, दादा… मी गप्प बसले! पण आता नाही. तू मांडवात उभा राहा, मी सगळ्यांसमोर सांगते, हा माझा मोठा भाऊ…"

मागून झटापट ऐकू आली, "दे इकडे!" आणि मग आईचा आवाज.

"बाळा…"

"बोल, आई."

"चुकले रे मी. आई म्हणवून घ्यायची लायकी नाही माझी. तुझ्या कमाईचं खाल्लं आम्ही, आणि तुझंच नाव पुसलं. मला क्षमा कर, राजा…" ती माउली हमसून हमसून रडत होती, आणि इकडे दादाच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. वाटलं, संपलं सगळं, आता बोलावेल. आता म्हणेल, ये. आणि ती म्हणाली, "पण… येऊ नकोस रे. आता येऊ नकोस. हेही मोडलं तर पोरीला कोण पत्करणार? मी पदर पसरते तुझ्यापुढे."

कँटीनमध्ये भांड्यांचा आवाज चालला होता. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. म्हटलं, आता तरी ओरड! एकदा तरी म्हण, की माझं काय?

"आई," तो म्हणाला, "मला रजाच कुठेय? इथे कामाचा डोंगर पडलाय. ठकीला सांग, दादाला खरंच रजा नाही मिळाली. तूच सांग, तुझं ती ऐकेल. आणि तू रडू नकोस, डोळ्यांना त्रास होतो."

रजा होती त्याच्याकडे. वर्षानुवर्षांची साठलेली. ठकीच्या लग्नासाठीच साठवली होती.

लग्न झालं. खोकं वेळेवर पोहोचलं, काही फुटलं नाही की चुरगळलं नाही. लग्नाच्या दिवशी दादा कामावर होता. घड्याळाने त्याला दोनदा हटकलं, हात का चालत नाहीत म्हणून.

ठकीने नवऱ्याला नंतर सगळं सांगून टाकलं. त्याने म्हणे शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं झालं आता सांगितलंस, आधी सांगितलं असतंस तर पंचाईत होती. आईबाबांना मात्र बोलू नकोस." आता ती दादाला रोज फोन करते. गच्चीवर कपडे वाळत घालायला जाते तेव्हा. सख्ख्या भावाशी चोरून बोलते, कोणी जिना चढलं की मध्येच ठेवते. दादा मात्र खूश आहे! "रोज करते रे," असं सगळ्यांना सांगतो. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

हे सगळं त्याला वाचून दाखवलं ना, तेव्हा तो आणखीही एक बोलला. म्हणाला, "तू तरी कधी असं करू नकोस हां, टायपिस्ट. उद्या तुझंही घरदार होईल, मोठा माणूस होशील. विसरायला काय लागतं?"

मी त्याचा हात धरला. म्हटलं, "दादा, माझ्या घरात बरं होवो, वाईट होवो, लग्न ठरो नाहीतर मोडो, तुला ते कधी खोक्यावरून कळणार नाही. मी सांगायला येईन. माझ्या आईच्या आधी तुला सांगायला येईन. शब्द दिला."