सतरा नंबरवरची पाच मिनिटं

खोटं वाटत असेल तर इथेच थांबा. माझी मावशी थापा मारणाऱ्यातली नाही. ती परीक्षक आहे, दुसऱ्यांच्या थापा पकडते.

आणि हे भर दुपारी घडलंय. दुसऱ्या कॉलेजच्या लॅबमध्ये, प्रोग्रॅमिंगच्या प्रॅक्टिकलला.

मावशीचं डोकं आधीच फिरलं होतं. लेखी पेपरात पोरांनी अख्खे प्रोग्रॅम घोकून उतरवलेले. मशीनवर बसवलं, तर एकालाही एक ओळ धड येईना!

"अरे, पेपरात हे तूच लिहिलंस ना?"

"हो मॅडम... पण तिथे चालवून दाखवायचं नव्हतं."

मावशीने कपाळावर हात मारला. तिचा नियम एकच. आउटपुट नाही, तर मार्क नाही.

तीन वाजले. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला...

टक. टक टक.

सतरा नंबरचं मशीन. खुर्ची रिकामी.

"तिथे कोण बसलंय हो?"

"कोणी नाही मॅडम," लॅब असिस्टंट म्हणाला. "गेल्या वर्षीपासून त्याची वायरच काढून ठेवलीये."

गेल्या वर्षी...

तेव्हाही मावशीच इथे परीक्षक होती. तिथे एक मुलगी बसली होती. लेखीत पहिली आलेली. ऐन वेळी मशीन अडकलं. "मॅडम, पाच मिनिटं द्या ना, फक्त पाच!" किती गयावया केली तिने. मावशी दिवसभर वैतागलेली. शून्य टाकून मोकळी झाली.

"ती परत परीक्षेला बसली का?"

असिस्टंटने मान खाली घातली. "फॉर्म भरला होता तिने. परीक्षेच्या आठवडाभर आधी तापाने गेली."

टक टक टक...

आवाज थांबला. तीन वाजून पाच मिनिटं.

मुलं वीस होती. मावशीच्या मशीनवर जमा झालेल्या फायली एकवीस.

शेवटच्या फाइलवर त्या मुलीचा गेल्या वर्षीचा नंबर...

मावशीने प्रोग्रॅम चालवला. एकही चूक नाही. आउटपुट बरोबर.

तिने घाईघाईने मार्कांची यादी काढली. यादीत तो नंबरच नव्हता.

आता कोणाचं मशीन अडकलं, की मावशी न मागता वेळ वाढवून देते. तरी दर परीक्षेला एक फाइल जास्त येतेच.

"मेलं, मी तेव्हा घड्याळाकडे बघितलं नसतं तर!" मावशी स्वतःवरच चिडते.

पूर्ण मार्क द्यायचे आहेत तिला. पण ते लिहायचे कुठे, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.