मागचं उजवं चाक

टायर विकायचा तर गिऱ्हाइकाबरोबर घाट चढावा, हे मी धंद्यात पडल्यावर शिकलो. आमच्या ओश शहरातल्या बाजारात शायलोबेकच्या व्हॅनला सेन्सरवाले टायर बसवले, 'आधी चालवून बघ' म्हणालो, आणि त्याच्या शेजारी जाऊन बसलो. ताल्दिक घाटापलीकडे, त्याच्या गावी, त्याच्या लेकीचं, गुलकायरचं लग्न होतं. बापाने दुवा दिल्याशिवाय नवरी घराबाहेर पाऊल टाकत नाही, आणि घाटात तर बर्फ पडलेला.

समोरच्या छोट्या पडद्यावर प्रत्येक चाकाचा भार आणि रस्त्यावरची पकड दिसत होती.

"मातकरीम अका, टायरच बोलायला लागले, आता माझ्या बायकोने काय करायचं?" शायलोबेक मला म्हणाला; अका म्हणजे दादा.

"टायर निदान खरं बोलतात, बाबा."

हसता हसता वळणावरचं कबरस्तान मागे पडलं. तिथे मेलेल्यांसाठी दुवा मागत चेहऱ्यावरून हात फिरवून 'ओमीन' म्हटल्याशिवाय आमच्याकडे कुणी पुढे जात नाही. आम्ही गेलो. पडद्याचं कौतुक!

जरा वर गेलो तसं भर दुपारी धुकं उतरलं. वारा पडला. गाडीत ओल्या लोकरीचा वास सुटला... आणि मागच्या उजव्या चाकावरचा भार वाढला. एक माणूस बसावा तेवढाच.

"शेठ, तुझं यंत्र बिघडलं."

त्याने गाडी थांबवली, मी मागे पाहिलं. कुणी नव्हतं. पण उजव्या बाजूची गादी खोल दबलेली होती.

"अका... आपण ओमीन म्हटलं होतं का?"

तिथल्या तिथे दोघांनी म्हटलं. भार तसाच.

"मागे फिरायचं?" मी विचारलं.

"तिकडे गुलकायर नटून बसली असेल... बसू दे त्यालाही. लग्नालाच चाललोय."

उतारावर पडदा लाल झाला. पकड सुटली होती. गाडी हळूहळू डावीकडे, दरीकडे सरकू लागली. शायलोबेक नुसताच 'गुलकायर, गुलकायर' पुटपुटत होता. तेवढ्यात मागच्या उजव्या चाकावर भार चढायला लागला. दोन माणसांचा... चारांचा... गाडीत मावणार नाहीत इतक्यांचा. चाक बर्फात करकरत रुतलं आणि गाडी थांबली.

शायलोबेकने मागे वळून पाहिलं नाही. "रहमत, अता," एवढंच म्हणाला, म्हणजे 'आभार, बाबा'.

लग्नाला पोचलो. दुवा देताना तो असा रडला की पाहुण्यांना वाटलं, लेकीवर केवढी माया! टायरही घेतले, तेही घासाघीस न करता. ती त्या दिवसाची दुसरी भुताटकी.

वसंत आला की गिऱ्हाइकं थंडीचे टायर काढून माझ्याच दुकानात ठेवतात. शायलोबेकचे चारही टायर एका कोपऱ्यात आडवे ठेवलेत, वर काही नाही. गंमत म्हणून दुकानातला तसाच पडदा सुरू केला. तीन टायरांवर शून्य. चौथ्यावर, मागच्या उजव्यावर, एका माणसाचा भार.

आमच्यात पाहुण्याला चहा अर्धाच ओततात, म्हणजे 'बसा, आणखी देतो'. प्याला काठोकाठ भरला, की पाहुण्याने समजून उठायचं. दुकान बंद करताना मी त्या टायरपुढे काठोकाठ भरलेला प्याला ठेवून जातो.

सकाळी तो अर्धा असतो. आणि चहा वाफाळता, नुकताच कुणी माझ्यासाठी ओतल्यासारखा...