डुबी खोलात शिरते

"पाण्यात दोष नाही. खारटपणा समुद्राइतकाच," डुबीनं पुन्हा तेच सांगितलं आणि केतकीचा पारा चढला.

डुबी म्हणजे शाळेची पाण्यावर तरंगणारी रोबो. रंगानं पिवळी, स्वभावानं हट्टी. पाण्यात दोष नाही, तर मग लगूनमधल्या (वाळूच्या पट्ट्यानं समुद्रापासून अडवलेल्या खाऱ्या तळ्यातल्या) तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) गेल्या कुठे? चिखलात हात घातला की रिकाम्या शिंपल्याच लागत होत्या. शेजारच्या जानकीमावशींनी जन्मभर इथे तिसऱ्या वेचल्या. आता त्यांची कपड्यांची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती.

"असाच चालला तर माका लेकीकडे मुंबैक जावचा लागतला, चेडवा," त्या केतकीला म्हणाल्या.

केतकीला रडूच आलं. मावशींशिवाय गाव तिला नकोच होतं.

"नुसतं वरवर काय बघतेस? जरा खोलात शिर ना!" ती डुबीवर खेकसली.

यंत्राला असलं बोलणं कुठलं कळायला! डुबीनं पोटात पाणी भरून घेतलं आणि बुडुक! थेट तळ गाठला. वर आली ती नवी बातमी घेऊनच. तळाचं पाणी समुद्राच्या जवळपास दुप्पट खारट होतं.

"असं कसं?" केतकीनं डोळे पुसले.

"उन्हानं पाण्याची वाफ होते, मीठ मागे उरतं. खारट पाणी जड, ते तळाशी बसतं. भरतीचं हलकं पाणी त्याच्यावरून पसरतं. दोन्ही नीट मिसळत नाहीत, म्हणून हवेतला प्राणवायूही खाली पुरेसा पोचत नाही."

"मग मासे कसे वाचले?"

"पोहून निघून गेले. तिसऱ्या पडल्या तळाशी राहणाऱ्या अपृष्ठवंशी (पाठीचा कणा नसलेल्या). त्या पळणार कुठे? फार खारट पाणी त्यांच्या अंगातलं पाणी ओढून घेतं. त्या शिंपला मिटून बसतात. पण तसं किती दिवस जगणार?"

"म्हणजे मिठात घातलेल्या कैरीसारख्यो आटल्यो गो!" मावशी हळहळल्या.

लगूनचं समुद्राकडचं तोंड वाळूनं जवळजवळ बुजलं होतं, म्हणून तळाचं खारट पाणी आतच अडकलं होतं. गाव फावडी घेऊन जमलं आणि तिथे खोल चर खणला. ओहोटीला तळाचं जड पाणी बाहेर पडू लागलं. भरतीबरोबर ताजं पाणी आत आलं, आणि त्यातून तिसऱ्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्लंही.

पावसाळा सरल्यावर एका सकाळी मावशींच्या बोटांना चिखलात काहीतरी लागलं. नखाएवढी जिवंत तिसरी! त्यांनी ती अलगद परत ठेवली, हात धुतले आणि लेकीला फोन लावला.

"मी काय येणंय नाय गो. पुढच्या वर्साक तूच ये, तिसऱ्यो खावक."