वाचकाची खुर्ची

माझ्या रहस्यकादंबऱ्या खपतात. लोक प्रवासात वाचतात आणि उतरताना सीटवर विसरून जातात. घरची वाचक मात्र दुसऱ्या प्रकरणातच घोरू लागते.

लिहिण्याचा माझा एकच नियम: प्रत्येक खोलीत एक खुर्ची रिकामी ठेवायची. तिच्यावर कुणी बसायचं नाही, कोटसुद्धा टाकायचा नाही. ती वाचकाची. तो एकदा तिथे बसला की त्याला फार समजावावं लागत नाही. सवयच ती, माझ्या लिहिण्याच्या खोलीतही खिडकीपाशी वेताची एक खुर्ची तशीच ठेवली आहे.

"पाहुणा काही येत नाही, धूळ मात्र मी पुसते," बायको म्हणते.

नव्या कादंबरीतला खुनी तिला वाचून दाखवला. तिचं विणकाम चालूच.

"अहो, हा नुसता धावतोय. जिने काय चढतो, गच्चीवरून उड्या काय मारतो! त्याला कोण घाबरणार? दमेल बिचारा."

"मग काय करू?"

"बसवा की घटकाभर."

बसवायचा कुठे? जागा एकच उरली होती, वाचकाची.

*तो दबकत आला आणि खुर्चीत बसला.*
खोडलं. दबकत कशाला?

*तो आला आणि बसला.*
खोडलं. येताना दिसायलाच नको.

*तो खुर्चीत बसला होता.*
राहू दे.

त्या दुपारी मी वाचून दाखवताना तिच्या सुया थांबल्या. संसारात पहिल्यांदाच!

"पुढे?" ती म्हणाली.

पुरस्कार मिळाला असता तरी इतकं बरं वाटलं नसतं.

दुसऱ्या दिवशी धूळ पुसताना ती हसली. "बसलात वाटतं इथे? गादी कोमट आहे."

मी बसलो नव्हतो. ऊन असेल, म्हटलं. त्या खिडकीतून ऊन येत नाही.

पण लिखाण इतकं सुरेख कधी चाललंच नव्हतं. वाक्य खोटं पडलं की मागे वेत करकरायचा, मी खोडायचो. खरं उतरलं की शांत. असा जाणकार सोबती मिळाल्यावर नसत्या चौकशा कोण करतो?

"शेवटी तो उठतो का हो?" बायको रोज विचारायची.

"आत्ताच सांगितलं तर मजा काय?"

आज चहाच्या वेळी शेवट सुचला. एकही शब्द खोडावासा वाटला नाही.

*तो उठला.*

वेत एकदाच करकरला.

गादीला हात लावून पाहिला. गार.

कागद घेऊन खुशीत निघालो. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. आत कप वाजत होते. ती हसत होती, लग्नानंतर हसायची तशी.

"अहो, चोरपावलांनी काय येता? बसा. सांगा आता, उठला का तो?"

मी अजून दाराबाहेरच होतो.

आत एक खुर्ची सरकली. मग दुसरी.

तिथे आमच्या दोनच खुर्च्या आहेत.