सात नंबरची नाडी

उत्कर्षाची आणि त्याची पहिली भेट झाली, तेव्हा ती एका यंत्राशी पान्यासाठी भांडत होती.

वाघोलीच्या कॉलेजातली प्रयोगशाळा. टेबलाला बोल्टनं बसवलेला पांढरा रोबोटिक हात, त्याच्या पंजात पाना, आणि पान्याचं दुसरं टोक धरून ओढणारी घामाघूम पीएचडीची विद्यार्थिनी. माणसानं ओढलं की सोडायचं, एवढंच त्या हाताला शिकवायला तिनं तीन वर्षं घातली होती. आणि तो सोडत नव्हता!

"ओढू नका," दारातून आवाज आला. "ओढलं की त्यो आणखी आवळतोय. जरा त्याच्याकडंच ढकला."

तिनं ढकलला. पाना अलगद तिच्या हातात आला. तिनं रागानं वळून पाहिलं. कारखान्याचा निळा शर्ट, केसांवर पावसाचे चार थेंब, आणि हसू दाबायचा जराही प्रयत्न न करणारा चेहरा.

"आपण रोबोटिक्समधले तज्ज्ञ का?" कोथरूडमध्ये वाढलेल्या मुलीला असा प्रश्न विचारायला शिकवावं लागत नाही.

"न्हाई, फिटर हाय. ज्ञानदेव. प्रयोगाला बोलावलंय... उंदीर म्हणून."

"सात नंबर," ती यादीत बघत म्हणाली. हसू तिलाही आवरलं नाहीच.

प्रयोग साधा होता. एका कारखान्यानं पैसे दिले होते आणि बारा फिटर पाठवले होते. दर शनिवारी प्रत्येकाच्या मनगटावर नाडी मोजणारा पट्टा बांधायचा. रोबोट वीस वेळा पाना देणार. तेव्हा उत्कर्षा शेजारी, यंत्र बंद करायच्या लाल बटणावर हात ठेवून उभी. मग तुलनेसाठी तिचा सहकारी पियुष वीस वेळा पाना देणार. तेव्हा ती बाहेर. कुणाचं नाव कुणाला कळणार नाही, असं तिनं सगळ्यांना सांगितलं होतं.

सात नंबरची नाडी पियुषसमोर बहात्तर असायची. रोबोटसमोर एकशे अठरा.

"किती?" पट्टा सोडताना तो दर वेळी विचारायचा.

"एकशे अठरा."

"लई भ्यालो म्हंजे."

"कशाला?"

"यंत्राला. दुसरं कोण हाय हितं?" असं म्हणत तो पट्टा तिच्यापुढे धरायचा. ती घ्यायला जायची... आणि तो क्षणभर सोडायचाच नाही.

"द्या की!"

"पकड तपासतोय, मॅडम."

एका शनिवारी ती तापानं घरी होती. लाल बटणापाशी पियुष उभा राहिला. सोमवारी तिनं आलेख उघडला, तर रोबोटसमोरही सात नंबरची नाडी बहात्तर! तिनं तो आलेख तीनदा पाहिला. गाल इतके तापले की आई म्हणाली, ताप पुन्हा आला वाटतं.

संशोधनाचा नियम तिला पाठ होता. सात नंबरची सगळी माहिती त्याच दिवशी बाद करायला हवी होती. तिनं तेवढा एक शनिवार बाद केला. 'संशोधक अनुपस्थित' असं कारण लिहून. वेडेपणाच तो. पण त्या दिवसांत तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

मग नगर रस्त्यावरच्या टपरीत चहा सुरू झाला. पत्र्यावर पाऊस वाजत असे, आणि तो वाघोलीतल्या, आता इमारती उभ्या राहिलेल्या घरच्या शेताबद्दल बोलत असे.

"रोबोटची नवी लाइन येतीय. सहा जणांना हितं ठेवणार, बाकीचे तिकडं तमिळनाडूत, होसूरला," तो एकदा म्हणाला. "मी ऱ्हातोय बघा. यादी लागली की आईला घेऊन कोथरूडला येतो."

"कशाला?"

"तुमच्या आईच्या हातचा चहा प्यायला. आणखी कशाला?"

तिनं कपात पाहिलं, आणि मान हलवली... होकाराची.

यादी लागायच्या आधीच कारखान्यानं अहवाल मागवला. अहवालात नंबरच होते, पण हजेरीवर सह्या त्याच क्रमानं होत्या. सात नंबर कोण, हे शोधायला त्यांना पाच मिनिटंही लागली नसतील.

सोमवारी तिच्या मार्गदर्शक कादंबरी मॅडमनी तिला बोलावलं. पियुषही तिथेच होता.

"सात नंबर रोबोटला घाबरतो म्हणून त्याला लाइनवर घेत नाहीयेत. आकड्यांत काही शंका आहे? असेल तर आत्ता सांग. मग सगळे प्रयोग पुन्हा. वर्ष जाईल."

एक वाक्य पुरेसं होतं. तो रोबोटला नाही घाबरत, मॅडम. उत्कर्षाला वर्ष दिसलं, संपत आलेली शिष्यवृत्ती दिसली, पियुषचे डोळे दिसले. लाज वाटली.

"शंका नाही," ती म्हणाली.

मंगळवार, बुधवार तसेच गेले. गुरुवारी तिनं मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमनी एक कागद पुढे सरकवला. कारखान्यानं ज्ञानदेवलाही विचारलं होतं: नाडी वाढायचं दुसरं काही कारण आहे का? खाली त्याचं अक्षर, बुधवारची तारीख.

'दुसरे कारण नाही. मला रोबोटजवळ भीती वाटते.'

"त्यानंच सही करून दिलंय. आता तुझं कोण ऐकणार?" मॅडम म्हणाल्या.

तो खाली फाटकापाशी होता. गेल्या शनिवारी मनगटावर तसाच राहिलेला पट्टा परत द्यायला आला होता.

"खोटं का लिहिलंत?" तिनं विचारलं.

"खरं लिहिलं असतं तर तुमची तीन वर्षं गेली असती."

"मी सांगितलं मॅडमना! आत्ताच सगळं सांगून आलेय."

"आज." तो हसला, पण ते नेहमीचं हसू नव्हतं. "सोमवारी विचारलं हुतं न्हवं तुम्हाला? पियुष म्हणाला. मला वाटलं, तुम्ही आज सांगाल, उद्या सांगाल... दोन दिस थांबलो. मग केली सही."

बोलायचं होतं ते सोमवारीच.

त्यानं मनगटावरचा पट्टा काढला आणि पुढे धरला. किती, असं विचारलं नाही. तिनं नेहमीसारखी नुसती बोटं लावली. तो क्षणभर धरून ठेवेल, मग ओढू, ही सवयच झाली होती हाताला.

त्यानं लगेच सोडला.

पट्टा ओल्या फरशीवर पडला. ती वाकून तो उचलेपर्यंत ज्ञानदेव फाटकाबाहेर गेला होता.