बुएना कुणाच्या लग्नाला जात नसे

"रविवारी मी येणार नाही. तुझी आत्या उभी राहील माझ्या जागी," लग्नात वाटायचे साखरेत घोळलेले बदाम जाळीच्या पुरचुंड्यांत बांधता बांधता बुएना म्हणाली, आणि समोर बसलेल्या लेकीच्या, पालोंबाच्या, हातातली फीत हातातच राहिली...

ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीत महायुद्धानंतर आता ज्यूंची घरं उरली होती मोजकीच. त्यांत कुणाचंही लग्न निघालं की बुएना आठवडाभर राबायची, नवरीचा झगा शिवून द्यायची आणि ऐन वेळी डोकं दुखतंय म्हणून घरी थांबायची. पण पोटच्या मुलीच्या लग्नालाही?

"आलबेर्तो पसंत नाही का तुला?"

"तो सोन्यासारखा आहे. आईच तेवढी कजाग आहे त्याची."

पालोंबाचं कुतूहल मात्र हट्टी निघालं. "आई, तू शेवटचं लग्न कुणाचं पाहिलंस?"

बुएनाचे हात थांबले. "जोयाचं."

छावणीतून न परतलेल्या त्या धाकट्या मावशीचं नाव घरात कधी निघत नसे.

"जर्मनांनी आम्हाला स्टेशनजवळच्या वस्तीत कोंडलं होतं. पोलंडला नेणार म्हणत. तिथे जोडप्यांना वेगळी खोली मिळते अशी आवई उठली, मग काय, एका मांडवाखाली दिवसभर लग्नं. जोयाला डोंगरात जायचं होतं, लढणाऱ्यांकडे. नेणारा माणूसही ठरला होता. मी म्हटलं, वेडी आहेस का, पेपोशी लग्न कर, डोक्यावर छप्पर तरी येईल... मीच नेऊन उभं केलं तिला. खोली कसली न् काय. गाडीतून उतरवलं त्याच दिवशी दोघं गेली." तिचा आवाज बारीक झाला. "माझी सावली तुझ्या लग्नावर नको, बाळ."

आजवर ज्याला आईचा तुटकपणा समजून आपण मनातून कुढत आलो, ते हे होतं तर... पालोंबाने नुसतं विचारलं, "त्या दिवशी मावशी आनंदात होती का गं?"

बुएनाने चमकून पाहिलं. जोया मेली कशी, हे युद्धानंतर बाहेरच्या सगळ्यांनी विचारलं होतं. हे कुणीच विचारलं नव्हतं.

"हसत होती," ती नवलाने म्हणाली. "पेपोनं थोरल्या भावाचे बूट घातले होते. रिवाजाप्रमाणे पायाखाली पेला फोडायला पाय उचलला आणि बूट उडाला तो थेट लग्न लावणाऱ्या रब्बीच्या पोटावर. जोया हसायची थांबेना. रब्बी म्हणाले, पोरी, लाज बाळग. तर म्हणते कशी, आधी बूट तर सापडू दे..."

बोलता बोलता बुएनाला हसू फुटलं, आणि त्या हसण्यातूनच, इतकी वर्षं अडवून धरलेलं रडू. पालोंबाने तिला कुशीत घेतलं आणि रडू दिलं.

रविवारी प्रार्थनाघराच्या उंबऱ्याशी बुएना अडली. पाऊल उचलेना. आलबेर्तोची आई फणकारत बाहेर आली. "विहीणबाई, रब्बी खोळंबलेत."

"खोळंबू देत," पालोंबा म्हणाली, आणि शुभ्र झग्यात आईशेजारी उन्हात उभी राहिली. ना तिने हात ओढला, ना पुन्हा आत पाहिलं.

थोड्या वेळाने बुएनाने रुमालाने नाक पुसलं, मुलीला हलकेच मागे सारलं.

"थांब," ती म्हणाली. "आधी मी जाते."