प्रुफातली दुरुस्ती

खण्ण! रांजणावरचं झाकण वाजलं आणि आमच्या घरातली दुपारची शांतता मोडली.

सांगलीला आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात छापखाना होता. आप्पांचं — माझ्या वडलांचं — साप्ताहिक तिथंच निघायचं. मी मागच्या दारी धावले, तर धुळीनं माखलेला एक उंच तरुण आमच्याच तांब्यानं घटाघटा पाणी पीत होता.

"कोण वो तुमी?"

"सातारची बातमी."

"बातमीला एवढी तहान लागती?"

"मोटारीच्या टपावर बसून आली तर लागती की!"

मला हसू आलं... आणि ते त्यानं पाहिलं.

तो रामगोंडा — आप्पांचा नवा बातमीदार. (आता 'हे' म्हणते, तेव्हा मनातल्या मनात 'तो' म्हणायची.) लढाईचे दिवस. घरोघरची पोरं पलटणीत. सातारा, कराड, कुंडल फिरून तो दर मंगळवारी बातम्या आणायचा. पावसात स्वतः निथळत यायचा, पण सदऱ्याआडचे कागद कोरडे! छापखान्याची बोली मात्र त्याला नवी. आमचा कंपोझिटर ज्ञानू ओरडायचा, "पान उपाशी हाय, कायतरी चारा!" की हा बावरायचा.

"म्हंजे जागा उरलीय," मी मान वर न करता सांगायची. प्रुफं तपासायचं काम माझं होतं.

"आन मेलेलं मॅटर?"

"छापून झालेलं. अक्षरांचे खिळे सोडवून परत खणात टाकायचे."

"आन उभं मॅटर?"

"परत लागंल म्हणून बांधून ठेवत्यात ते. सोडवायचं न्हाई."

त्यानं हातातले कागद माझ्यापुढं ठेवले. मग हळूच म्हणाला, "मग मला उभं ठेवा... फुडच्या मंगळवारपतोर."

माझी पेन्सिल घसरली. चांगल्या धडधाकट शब्दावर रेघ उमटली.

असे कितीतरी मंगळवार आले. मग एका मंगळवारी ज्ञानूनं माझ्यापुढं प्रूफ ठेवलं आणि नजर चुकवून निघून गेला. मी वाचू लागले — 'चि. सौ. कां. चंदनबाला हिचा विवाह निपाणीचे तंबाखूचे व्यापारी...'

माझंच नाव! आप्पांनी परस्पर ठरवलं होतं. पलीकडं खिळ्यांच्या खणाजवळ रामगोंडा उभा होता. त्यानंही वाचलं असणार... चेहरा पार उतरला होता.

पण आप्पांचाच नियम होता — प्रुफावर मी 'छापा' लिहिल्याशिवाय एक ओळही मशीनवर चढायची नाही.

"झालं का गं?" आप्पांनी विचारलं.

"न्हाई आप्पा. चूक हाय."

"मग दुरुस्त कर की."

मी नवऱ्यामुलाचं नाव खोडलं. समासात दुसरं लिहिलं — रामगोंडा. अक्षर स्वच्छ आलं.

आप्पांनी कागद हातात घेतला. वाचला. पुन्हा वाचला.

"ह्यो फिरता माणूस हाय, पोरी. घरी कवा यील, नेम न्हाई."

"वाट बघीन."

"आन निपाणीकरांस्नी काय सांगू?"

"चूक येळेत घावली म्हणून सांगा!" आतून ज्ञानू ओरडला.

आप्पांना हसू आवरेना. ते वळले. "काय रं, दुरुस्ती मान्य?"

सातारपासून सांगलीपर्यंत बडबडणारा तो माणूस... चक्क अडखळला. "मान्य... म्हंजे... आवं मालक, लय मान्य!"

मग मी 'छापा' लिहिलं.

आज हे कराडला गेलेत. संध्याकाळच्या मोटारीनं येतील — बहुतेक. लेक उठली, डोळे चोळत मांडीवर येऊन बसली.

"आई, बाबा समद्यांच्या बातम्या आणत्यात?"

"व्हय गं."

"मग बाबांची बातमी आपल्याला कोण आणतं?"